गाण्याचे उत्तर

सोमवार, ८ एप्रिल

बोट शुक्रवारी येऊन गेली आणि आज राजधानीने कळवले, की यापुढे ती इतक्या लवकर येणार नाही. आजवर दर तीन आठवड्यांनी यायची, ती आता दोन-दोन महिन्यांनी यावी असा विचार आहे. का? तर आमचे मोतुफेतू बेट आता जगाशी जोडले गेले आहे. गेल्या महिन्यात दवाखान्याच्या छपरावर एक पांढरी तबकडी बसवली, ती आकाशाशी बोलते. जोडलेल्या माणसांना बोट कशाला हवी?

हे मला लोसाने सांगितले. लोसा माझ्या भावाची मुलगी, इथली नर्स, आणि तबकडी दवाखान्यावर असल्यामुळे तिचीही राखणदार. पडद्यावरचे वाचून दाखवताना तिने आवाज इतका मऊ केला, की मला कळले, इंजेक्शन येते आहे.

मी या बेटावर आयुष्यभर शाळा चालवली. राज्ये कशी बुडतात हे मुलांना शिकवले. तोफांनी फार थोडी बुडाली. राजधानीतल्या माणसांना दूरच्या गावांचा रस्ता ओझे वाटू लागला, तिथूनच बहुतेकांची उतरण सुरू झाली. आमचा रस्ता म्हणजे बोट. तबकडीतून खोबरे जाते का? तापाने फणफणलेला माणूस जातो का? नातवंड येते का?

नातवंडाचे लिहायलाच हवे, नाहीतर ही वही खोटी ठरेल. माझी मेलाली राजधानीत असते, जूनच्या मध्यावर बाळंत होईल. पहिलटकरीण आहे. एप्रिलअखेरच्या बोटीने मी तिच्याकडे जाणार आणि बाळाची नाळ घेऊन परतणार, असे ठरले आहे. नाळ इथल्या मातीत पुरून वर माड लावायचा. ज्याचा माड नाही तो या बेटाचा कसा?

निर्णय अजून पक्का नाही. २ मे रोजी राजधानीत समितीपुढे सुनावणी आहे. मी जाईन आणि उभी राहून बोलेन. लोसा म्हणाली, इथूनच पडद्यावर बोलता येईल. मी तिला म्हटले, पडद्यावर बोलते ते चित्र. माणूस माणसासमोर बोलतो.

गुरुवार, ११ एप्रिल

मानेआपात सभा झाली. सगळे गाव चटया टाकून बसले. आमच्या या सभागृहाला भिंती नसल्यामुळे वारा आणि कोंबड्या दोघांनाही प्रवेश असतो.

उगवतीकडचे आणि मावळतीकडचे अशा गावाच्या दोन बाजू, आणि मासेमारीपासून नाचापर्यंत त्यांचे कशावरही एकमत होत नाही. गेल्या वर्षी चर्च कोणी जास्त लखलखीत झाडले यावरून पंधरवडाभर अबोला होता. पण आज दोन्ही बाजूंनी एकमुखाने ठरवले, की राजधानीला बाईंनीच जायचे. मला गहिवरून आले. म्हणून मी आभाराचे चार शब्द बोलले. बोलून झाल्यावर पाहिले तर मागच्या रांगेतले काही जण आडवे झाले होते. उकाडा फार होता.

रंगाचा बेरंग केला तावाउने. तावाउ म्हणजे आमचा होडीवाला. बोट काही प्रवाळाच्या कड्यावरून आत येऊ शकत नाही, ती बाहेर खोल पाण्यात थांबते. कड्याला एक अरुंद खाच आहे, तिच्यातून माणसे, डुकरे, पिठाची पोती सगळे तावाउच्या होडीतून जाते-येते. तो मावळतीकडचा, विधुर, आणि माझ्याबरोबर एकाच पाटीवर रेघोट्या मारलेला. तरी अख्ख्या बेटाबरोबर तोही मला बाईच म्हणतो.

तो म्हणाला, "बाई, भाषण तयार ठेवा. पण बोटीच्या इंजिनाला तुमचा धाक नाही, एवढं ध्यानात असू द्या."

सगळे हसले. मीही हसले, पण मनातून नाही. प्रत्येक चळवळीत असा एक नकार घंटेसारखा वाजत असतो.

बुधवार, १७ एप्रिल

भाषणाची तयारी जोरात. पुलाकाच्या खड्ड्यात उतरून सराव करते. त्या कंदांची पाने हत्तीच्या कानांएवढी असतात आणि मध्येच उठून जात नाहीत. माझी एक सवय मला ठाऊक आहे. बोलण्यात रंगले की डोळे आपोआप मिटतात. त्यात काही वाईट नाही. आत पाहिल्याशिवाय आतले बोलता येत नाही.

संध्याकाळी घरी आले तर कुंपणाशी कोंब आलेला एक नारळ ठेवलेला. चौकशी केली तेव्हा कळले, तावाउने ठेवला. त्याच्या अंगणात काय जागा नाही? मी निरोप पाठवला, की आपले सामान घेऊन जावे. त्याने उलट निरोप पाठवला, की राहू दे, लागेल. हे मावळतीकडचे लोक असेच. आधी नारळ ठेवायचा, मग कुंपण सरकवायचे.

शनिवार, २७ एप्रिल

बोट काल यायची होती. कालपासून सारे बेट समुद्राकडे मान वळवून जेवते आहे. सकाळी मुलांनी दोनदा 'बोट, बोट' म्हणून आरोळी ठोकली आणि दोन्ही वेळा तो ढग निघाला.

दुपारी लोसाकडून कळले: शेजारच्या बेटाजवळ इंजिन बिघडले, बोट राजधानीला ओढत नेली. मेच्या मध्यापर्यंत निघणार नाही. आणि समितीने नवे वेळापत्रक मंजूर केले, तर मेची फेरी रद्द. मग थेट जूनच्या शेवटी.

म्हणजे बाळ आधी येणार आणि मी नंतर.

संध्याकाळी मेलालीशी बोलले. पडद्यावर तिने पोट दाखवले. म्हणाली, "आई, तू नाही आलीस तरी चालेल गं, इथे डॉक्टर आहेत." आणि तेवढ्यात चित्र गोठले, तिचे तोंड तसेच उघडे. मी बराच वेळ त्या चित्राशी बोलत होते. पुढे काय म्हणाली ते कळलेच नाही. कळले असते तर निदान खोटे बोलते आहे का, हे आवाजावरून ओळखता आले असते.

तावाउ वाटेत भेटला. इंजिनाबद्दल तो खरा ठरला होता, तेव्हा मी टोमण्याची वाट पाहत उभी राहिले. त्याने केळीच्या पानात बांधलेला मासा पुढे केला आणि गेला. विजयी माणसाचा मोठेपणा सर्वांत जास्त झोंबतो.

मंगळवार, ३० एप्रिल

हरले. पडद्यावरून बोलणार.

लोसाने मला कोंडीत पकडले. मी म्हटले, ज्या यंत्राच्या नावाने आमची बोट काढून घेताहेत, त्याच यंत्रापुढे हात जोडून उभी राहू? ती म्हणाली, "आत्या, तू नाही बोललीस तर तिथे आपल्या बाजूनं बोलायला एक रिकामी खुर्ची असेल. तुला खुर्चीपेक्षा जास्त बोलता येतं की नाही?"

येते.

मग गाण्याचा प्रश्न आला. नुसते भाषण म्हणजे उपाशी पाहुण्याला हात धुवायला पाणी देऊन परत पाठवणे. भाषणामागे फातेले हवेच: गाणे, नाच, लाकडी खोक्यासारख्या पेटीवर हातांचे ठोके, लय चढत चढत शेवटी घरे हलावीत अशी. आणि एकाने फातेले केले की समोरच्याने उठून उत्तर द्यायचे, हे तर रांगते मूलही जाणते. पण गाणार कोण, उगवतीचे की मावळतीचे? यावर सूर्य बुडेपर्यंत वाद. शेवटी दोन्ही बाजूंनी मिळून गायचे ठरले. असे मी जन्मात पाहिले नव्हते. गाणे तावाउने बांधले आहे:

तबकडी म्हणते, आलात, आलात,
समुद्र म्हणतो, आलात कुठे?

बरे आहे. साधे आहे. युक्तिवाद मात्र माझ्या भाषणात आहे.

गुरुवार, २ मे

लिहिताना रागाने दोनदा पेन्सिलीचे टोक मोडले.

सकाळी तबकडीची तार ओढून लोसाने पडदा मानेआपात आणला. सगळे गाव नटून बसले होते, डोक्यावर फुलांचे मुकुट, अंगाला तेल. पडद्यावर समितीची खोली दिसत होती. मधे अध्यक्ष सियाओसी, धिप्पाड माणूस, कपाळावर घाम. लोसाने माझ्यापुढे एक काडीसारखा माइक उभा केला. मी तो उचलून चटईवर ठेवला, मागच्या पेटीजवळ. माझा आवाज शाळेतून थेट समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोचत असे. त्याला काडी लागत नाही. लोसा काहीतरी खुणा करू लागली, पण तोवर मी सुरू झाले होते.

आणि काय बोलले मी. असे मी कधी बोलले नव्हते. मी म्हणाले, की जोडणे म्हणजे एकमेकांचे तोंड दिसणे नव्हे, एकमेकांपर्यंत पोचता येणे. मी म्हणाले, की दूरच्याला आवाज द्यायचा आणि वाट काढून घ्यायची, हे तर तुरुंगाच्या भेटीच्या खिडकीतही असते. तिथे मी थांबले आणि एकदा डोळे उघडले. पडद्यावर सगळी समिती पुढे झुकली होती, दोघांनी तर कानांमागे हात धरून कान दिला होता. अध्यक्ष आपल्या ओठांकडे बोट दाखवून मान हलवत होते, की शब्दच सुचत नाहीत. एक बाई दोन्ही हात उंच करून हलवत होत्या. इतकी दाद राजधानीत कधी कोणाला मिळाली असेल असे वाटत नाही. इकडे लोसाचे डोळे भरून आले होते, तीही हात हलवत होती. मी पुन्हा डोळे मिटले.

आणि बाळाचा मुद्दा काढणार, नाळेचा, माडाचा, ज्याच्यासाठी मी हे सगळे उभे केले होते, एवढ्यात मागे धाडकन पेटी वाजली.

तावाउ. माझे वाक्य अर्धे तोडून त्याने पेटीवर ठोका दिला होता. पुन्हा दिला. आणि गाव उठले. मी वळून म्हटले, "थांबा, माझं व्हायचंय." तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, झालं तुमचं. बसा आता."

मला आयुष्यात कोणी बसा म्हटलेले नाही.

पण फातेले सुरू झाले की थांबवता येत नाही. बायका उभ्या राहिल्या, दोन्ही बाजूंचे पुरुष पेटीभोवती दाटले, लय चढली. एवढे मला कबूल करावे लागेल, की गाणे चढले. समिती दचकून मागे सरली आणि मग हसू लागली. अध्यक्षांच्या बोटांनी टेबलावर ठेका धरला. ठोके इतके जवळ आले की मधे श्वासाला जागा उरली नाही, आणि अगदी शेवटच्या उडीपूर्वी काळा ढग आला, सर कोसळली, आणि पडदा अंधारला. तबकडीला पाऊस सोसत नाही.

माझे भाषण त्याने कापले. गाणे आभाळाने कापले. तावाउला मी काहीही बोलले नाही. यापुढेही बोलणार नाही.

शुक्रवार, ३ मे

बोलले नाही.

मंगळवार, ७ मे

लोसा पळत आली. तिच्या पायात एकच चप्पल होती.

समितीने निर्णय राखून ठेवला आहे. अध्यक्षांनी सांगितले, की मोतुफेतूने गाणे टाकले आहे आणि उत्तर दिल्याशिवाय त्या बेटाबद्दल काही ठरवले, तर आपल्या आईला तोंड दाखवता येणार नाही. म्हणून काल सकाळी त्यांनी तिकडून, पडद्यावरूनच उत्तर देऊन पाहिले. लोसाने सगळ्यांना बोलावले होते. मी गेले नव्हते, कारण तावाउ असणार होता. ते गात होते, पण हात आधी पोचत आणि आवाज एका श्वासाने मागून. टाळी एकीकडे, ठोका दुसरीकडे. इकडच्या म्हाताऱ्या पोट धरून हसत सुटल्या, आणि त्यांचे हसणेही तिकडे उशिराच पोचले, भलत्याच जागी. ते ओशाळून थांबले. तावाउने आपल्या बाजूने कळवले म्हणे, की असले उत्तर आम्हाला मिळाले नाही असे समजावे.

तेव्हा समिती स्वतः येते आहे. दुरुस्त झालेल्या बोटीच्या पहिल्याच फेरीने.

मी लोसाला विचारले, भाषणाचे काय म्हणाले? पायातली एकुलती चप्पल काढत ती म्हणाली, "आत्या, जे पोचायला हवं होतं ते पोचलं." पोरीला थोडक्यात बोलण्याची कला आहे. हे तिला माझ्याकडून मिळालेले नाही, पण आहे.

मंगळवार, २१ मे

बोट! पहाटेच मुलांनी आरोळी दिली आणि या वेळी ढग नव्हता. स्वयंपाक चुलीवर टाकून सगळे बेट किनाऱ्यावर.

भरती अर्धवट होती आणि खाचेत लाटा उसळत होत्या. तावाउने समितीला होडीत घेतले आणि खाचेच्या तोंडाशी थांबून लाटा मोजत राहिला. अध्यक्षांना दम धरवेना, उभे राहून काहीतरी बोलू लागले. तावाउने हाताने खूण केली, बसा म्हणून. ते बसले नाहीत. पुढची लाट आली आणि अध्यक्ष सियाओसी चपला, पाकीट आणि डोक्यावरच्या फुलांच्या मुकुटासकट पाण्यात. त्यांना काखेत धरून तावाउने वर ओढले. किनाऱ्यावर हसणे दाबायचा कोणी प्रयत्नही केला नाही. अध्यक्ष स्वतःही वाळूवर बसून हसत होते.

मी एवढेच लक्षात घेतले, की हा मनुष्य ज्याला त्याला बसा म्हणत असतो. त्यात माझा खास अपमान नसावा.

मग पुलाका, मासे, डुक्कर, ताजी नीरा. आणि संध्याकाळी मानेआपात उत्तर. राजधानीहून त्यांनी बारा जण नाचणारे आणले होते, दोन आठवडे सराव केलेले. उत्तम नाचले. आमच्या बाजूने मग सर्वांनीच, उगवत-मावळत विसरून, त्या दिवशी तुटलेली उडी पूर्ण केली. ते पुन्हा उठले. आम्ही पुन्हा उठलो. शेवटी पाहुण्यांचा पेटीवाला हात चोळत खाली बसला आणि अध्यक्ष चटईवर उताणे पडून म्हणाले, "पुरे रे बाबांनो. हरलो."

मग उठून बसले. कपडे कोणाचे तरी उसने होते, आखूड. ते सरळ बोलले, आणि मला ते आवडले. म्हणाले, की ज्या वाटेने मी आज पाण्यात पडलो ती वाट कागदावर मला कधी दिसली नव्हती. आणि दुसरे म्हणजे हरून घरी बसायची माझ्या बेटाची रीत नाही. उत्तर द्यायला परत यायचे आहे, त्यासाठी बोट लागेल. ती तीन आठवड्यांनीच येईल. हे मी समितीच्या वतीने सांगतो, आणि समिती इथेच बसली आहे, कोणाचे दुसरे मत असेल तर त्याने आता नाचून दाखवावे.

कोणी उठले नाही.

मी रडले. लिहून ठेवते, कारण कोणी पाहिले नाही असे मला वाटत असताना तावाउने पेटीवरचा आपला पंचा माझ्याकडे सरकवला होता.

गुरुवार, २३ मे, बोटीवर

परतीच्या बोटीने निघाले. मेलालीकडे वेळेत पोचते.

सकाळी तावाउच मला होडीतून घेऊन आला. मधल्या मौनाबद्दल दोघांनीही काही काढले नाही. खाचेच्या तोंडाशी त्याने होडी थांबवली आणि मी, समुद्रावर तरी होडीवाल्याचे ऐकावे म्हणून, सांगायच्या आधीच बसले. तो हसला. मी विचारले, कुंपणाशी ठेवलेल्या नारळाचे काय करायचे? म्हणाला, "त्याला रोज पाणी घालतोय. तुम्ही नाळ घेऊन या, खड्डा तयार ठेवतो." मला त्या नारळाविषयी फार वेगळे वाटले होते. असो. कुंपणाच्या बाबतीत मी अजून सावध आहे.

शिडी चढून वर आल्यावर मी पाहिले, तो होडीत उभा राहून रिकाम्या डब्यावर तोच ठेका वाजवत होता. बोट वळून निघाली तरी वाजवत होता. बराच वेळ ऐकू येत होता. मग लाटांत मिसळला. मी कठड्याला टेकून उभी होते आणि बोटे आपोआप कठड्यावर चालत होती. माझ्या वयाच्या बाईने असे करू नये. आजूबाजूला कोणी नव्हते.

दुपारी अध्यक्ष शेजारी येऊन बसले. म्हणाले, "बाई, बोटीबद्दल तुमचं नेमकं म्हणणं काय आहे, ते एकदा सांगा ना. सगळं, पहिल्यापासून."

म्हणजे इतके ऐकूनही या माणसाची तहान भागली नव्हती. मी पहिल्यापासून सांगितले. या वेळी नाळेपर्यंत पोचले. त्यांनी मधे एकदाही कानामागे हात धरला नाही, पण डोळे पुसले. शेवटी म्हणाले, हे त्या दिवशीच ऐकायला मिळायला हवे होते. मी विनयाने म्हटले, की चांगले भाषण दुसऱ्यांदा ऐकतानाच खरे कळते.

लोसाला कळवणार आहे: पुढच्या सुनावणीलाही ती काडी चटईवरच राहू दे, पेटीजवळ. माणसाचा आवाज माणसापर्यंत पोचतो तो असाच.